‘लहान आहे, विसरेल’

रात्री घरात राडा झाला आणि बापाने पोराला पट्ट्याने झोडपलं. मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर मुलाची लाज काढली. नात्यातल्याच कुणीतरी मुलीच्या अंगाला नको तिथे हात लावला. असं काही घडलं की दुसऱ्या दिवशी मोठ्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं: ‘लहान आहे, विसरेल.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. त्याला घर सांभाळायचं असतं, चार लोकांत शोभा होऊ द्यायची नसते. मूलही दोन दिवसांनी गल्लीत खेळायला जातं, त्यामुळे वाक्य खरं ठरल्यासारखं वाटतं.

गेल्या चाळीसेक वर्षांत वैद्यकशास्त्राने हे वाक्य तपासून पाहिलं. त्यातून दोन गोष्टी हाती आल्या. पहिली, प्रसंग आठवणीतून गेला तरी त्याचा परिणाम शरीरात आणि वागण्यात राहू शकतो, आणि तो कधी कधी चाळिशी-पन्नाशीत हृदयविकार, दारू, नैराश्य अशा रूपांत समोर येतो. दुसरी, हा परिणाम अटळ नसतो. मुलाच्या आयुष्यात कोण होतं आणि त्याने काय केलं, यावर पुष्कळ काही ठरतं. पहिली गोष्ट आता बरीच ठाऊक झाली आहे. दुसरी अजून घरोघरी पोहोचायची आहे, आणि या प्रकरणाचा खरा विषय तीच आहे.

हन्नूर आणि नेरले

सोलापूर जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन गावं आहेत. आग्नेयेला, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या अक्कलकोट तालुक्यात हन्नूर. वायव्येला करमाळा तालुक्यात नेरले. मराठी वाचकाला ही गावं दोन आत्मकथनांमुळे माहीत आहेत. हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ 1984 साली आलं, आणि नेरल्याचे किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ 1994 साली. लिंबाळे तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते, काळे तर चोविशीतच.

दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या साहित्यातली महत्त्वाची पुस्तकं म्हणून आपण ती वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण बालरोगतज्ज्ञाच्या नजरेने वाचली तर त्यांत आणखी एक नोंदवही उघडते. ‘अक्करमाशी’त भूक आहे, भाकरीच्या चतकोरासाठी चाललेली ओढाताण आहे, बापाचं नाव नसलेल्या मुलाला गावात आणि शाळेत क्षणोक्षणी भोगावा लागणारा अपमान आहे. ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये तमाशात नाचणारी आई लहानग्याला मागे ठेवून दूर निघून जाते आणि मूल आजोबांच्या घरात राबतं, मार खातं, मायेला पारखं होतं. पुढे डॉक्टर झालेल्या या लेखकाने बापाच्या जागी आईचं नाव लावलं. 2007 साली रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं.

या लेखकांच्या पुढच्या आयुष्याचं निदान करणं आपलं काम नाही. मात्र त्यांनी जे अनुभव सांगितले, तेच अनुभव जगभरातल्या संशोधकांनी पुढे एकेक करून मोजायला घेतले. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी स्वतःच्या भाषेत ते आधीच लिहून ठेवले होते.

वजनाचा दवाखाना

मोजणीची सुरुवात भलत्याच ठिकाणी झाली. अमेरिकेत सॅन दिएगो शहरात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करणारा विभाग चालवत होते. 1985 च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की उपचार मध्येच सोडून जाणाऱ्यांत पुष्कळ जण असे आहेत ज्यांचं वजन व्यवस्थित उतरत होतं. गुण येत असताना माणूस पळून का जातो? त्यांनी अशा लोकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यांतल्या अनेकांनी लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. काहींना अंगावरची चरबी हे संरक्षण वाटत होतं. वजन उतरलं की लोकांच्या नजरा वळायच्या आणि जुनी भीती परत यायची. डॉक्टर ज्याला आजार समजत होते, तो त्या माणसांनी स्वतःपुरता शोधलेला उपाय होता.

पुढे फेलिटी आणि अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राचे डॉ. रॉबर्ट अँडा यांनी मिळून मोठा अभ्यास उभा केला. 1995 ते 1997 या काळात 17,000 हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल प्रश्न विचारले गेले. मारहाण झाली का, सतत पाणउतारा होत असे का, लैंगिक अत्याचार झाला का, आईला मार बसत होता का, घरात कुणी दारू-नशेच्या आहारी गेलेलं, मनोरुग्ण किंवा तुरुंगात गेलेलं होतं का? नंतर यात आबाळ आणि आईवडिलांची फारकत यांची भर पडून दहा प्रकार झाले. ‘बालपणीचे प्रतिकूल अनुभव’ या नावाने ते आता जगभर ओळखले जातात.

1998 मध्ये पहिला अहवाल आला तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांनी किमान एक अनुभव सांगितला होता. चार किंवा त्याहून जास्त प्रकार भोगलेल्यांत, एकही न भोगलेल्यांच्या तुलनेत, दारूचं व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण चार ते बारा पट होतं. अनुभवांचे प्रकार वाढत गेले तसं हृदयविकार, कर्करोग, फुप्फुसाचे आणि यकृताचे आजार यांचं प्रमाणही चढत गेलं. यातले बहुतेक लोक गोरे, शिकलेले, आरोग्यविमा असलेले मध्यमवर्गीय होते, त्यामुळे ‘हे सगळं गरिबीमुळे’ म्हणून विषय झटकता आला नाही.

या आकड्यांची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. मूळ यादीत जात नाही, बालविवाह नाही. हन्नूरच्या मुलाने सोसलेलं अर्धं दुःख त्या प्रश्नावलीत बसलंच नसतं. शिवाय ही संख्या लोकसमूहाबद्दल सांगते, एकट्या माणसाचं भविष्य सांगत नाही. खुद्द अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये तसा इशारा दिला आहे.

अंगणात मोटारसायकल थांबते तेव्हा

मार बसतो पाठीवर, मग चाळीस वर्षांनी हृदय का बिघडतं? ते समजायला एका घरात डोकावू. असं घर कुठल्याही गावात, कुठल्याही जातीत सापडेल.

रात्रीचे नऊ वाजले आहेत. आठ वर्षांचा मुलगा वही उघडून बसला आहे. बाहेर वडिलांची मोटारसायकल येते. इंजिन लगेच बंद झालं की घुरघुरत राहिलं, स्टँड एका झटक्यात लागलं की दोनदा घसरलं, चपला दाराशी निघाल्या की पायातच राहिल्या, एवढ्यावरून आजची रात्र कशी जाणार हे तो ओळखतो. आई स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज कमी करते, तोही त्याला ऐकू येतो. धाकट्या बहिणीला कोपऱ्यात कसं सरकवायचं हे त्याचं ठरलेलं असतं.

या अर्ध्या मिनिटात त्याच्या शरीरात पुष्कळ काही घडतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना इशारा जातो. मज्जातंतूंच्या थेट इशाऱ्याने अ‍ॅड्रिनॅलिन आणि या साखळीतून कॉर्टिसॉल ही संप्रेरकं रक्तात उतरतात. छाती धडधडते, रक्तातली साखर वाढते, पचन थांबतं, स्नायू ताठरतात. पळायला किंवा लढायला निसर्गाने केलेली ही उत्तम सोय आहे. संकट टळलं की कॉर्टिसॉल स्वतःच मेंदूला ‘आता पुरे’ असं कळवतं आणि सगळं ताळ्यावर येतं.

पण हा प्रसंग रोजचाच असेल तर? सोलापूरच्या गिरण्या चालत होत्या तेव्हा भोंगा ठरल्या वेळी व्हायचा आणि थांबायचा. तो रात्रंदिवस वाजतच राहिला असता तर गाव झोपलं नसतं आणि पाळी कधी सुरू होते हेही कुणाला कळलं नसतं. सतत धास्तीत वाढणाऱ्या मुलाच्या शरीराची तशीच गत होते. काहींत कॉर्टिसॉल चढलेलंच राहतं, तर काहींत ही यंत्रणा थकून गरजेच्या वेळीही पुरेशी चालत नाही. धोका हुंगणारा अमिग्डाला नावाचा मेंदूतला भाग जास्त तापट होतो. आठवण आणि शिकणं सांभाळणाऱ्या हिपोकॅम्पसवर आणि आवेग आवरणाऱ्या कपाळामागच्या भागावर ताण पडतो. सकाळी शाळेत बाई म्हणतात, ‘याचं लक्षच नसतं.’ लक्ष असतं, पण ते फळ्याऐवजी दाराकडे असतं.

शरीरातला दाह हा दुसरा मार्ग. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या 1,037 मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. ती बत्तीस वर्षांची झाली तेव्हा, लहानपणी अत्याचार वा आबाळ सोसलेल्यांच्या रक्तात दाह दाखवणाऱ्या घटकांचं प्रमाण जास्त आढळलं. असा रेंगाळणारा दाह रक्तवाहिन्या खराब करतो आणि मधुमेहालाही हातभार लावतो. याशिवाय कॅनडात 2009 साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात, आत्महत्या केलेल्यांपैकी ज्यांच्यावर बालपणी अत्याचार झाले होते त्यांच्या मेंदूत ताण आवरणाऱ्या एका जनुकावर वेगळ्या रासायनिक खुणा दिसल्या. जनुक तेच होतं, पण त्याचं काम मंदावलं होतं.

तिसरा मार्ग आपल्या नेहमीच्या पाहण्यातला आहे. ज्याला आतून स्वस्थ वाटत नाही तो स्वस्थता बाहेर शोधतो: तंबाखूत, दारूत, अति खाण्यात, मोबाइलमध्ये, जिवावर बेतणाऱ्या धाडसात. थोडा वेळ बरं वाटतंही. म्हणूनच व्यसनी माणसाला नुसतं ‘सोड’ सांगून भागत नाही. तो ज्याच्यापासून पळतोय त्याची चौकशी आधी करावी लागते.

‘आम्हीही मार खाल्ला, काय बिघडलं?’

हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानानंतर येतो आणि त्याचं सरळ उत्तर द्यायला हवं. मार खाल्लेले बहुतेक लोक पुढे धड आयुष्य जगतात, हे खरं आहे. पण ज्यांचं बिघडलं ते हा प्रश्न विचारायला सभागृहात नसतात. आणि मारामुळे मूल सुधारतं, याला पुरावा मिळत नाही. 1,60,000 हून अधिक मुलांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचे धपाटे खाणाऱ्या मुलांत आक्रमकपणा आणि मनाचे त्रास जास्त दिसले, शिस्त वाढल्याचं दिसलं नाही.

उलट्या बाजूने एक दुसरी चूक होते: मार खाल्लेलं मूल उद्या गुन्हेगारच होणार, असं धरून चालणं. अमेरिकी संशोधक कॅथी स्पॅट्झ विडम यांनी लहानपणी छळ किंवा आबाळ झाल्याचं न्यायालयात नोंदलं गेलेल्या 908 मुलांचा मागोवा घेतला. 1989 सालच्या त्यांच्या निष्कर्षानुसार, यातल्या सुमारे 26 टक्के मुलांना अल्पवयात अटक झाली. तशाच परिस्थितीतल्या, पण छळाची नोंद नसलेल्या मुलांत हे प्रमाण सुमारे 17 टक्के होतं. धोका वाढतो, यात शंका नाही. तरीही चारातली जवळपास तीन मुलं त्या वाटेला गेली नाहीत.

सेटलमेंट

मूल गुन्हेगारच होणार असं धरून चालण्याची चूक सरकारने कायदा करून केली, तेव्हा काय झालं ते सोलापूरने पाहिलं आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला, आणि सोलापूरला काटेरी तारांच्या आत इलाख्यातली एक मोठी वसाहत, म्हणजे ‘सेटलमेंट’, उभी राहिली. कैकाडी, पारधी, टकारी, मांग गारुडी अशा जमातींची कुटुंबं तिथे ठेवली गेली. मोठी माणसं गिरण्यांत राबत. हजेरी चुकवता येत नसे, परवान्याशिवाय बाहेर पाऊल टाकता येत नसे. मुलांना आईबापांपासून वेगळं काढण्याची तरतूद कायद्यातच होती, तीही सुधारणेच्या नावाखाली.

मुलाच्या बाजूने याचा विचार करू. बापाला रोज मान खाली घालून शिपायासमोर उभं राहताना ते पाहतं. आपण काहीही केलेलं नसताना आपण चोर आहोत, हे ते शाळेत जायच्या आधी शिकतं. घरातलं कुणी वाईट वागत नसेल, तरी भोवतालची व्यवस्थाच त्याला धास्तीत ठेवते. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता आजही आहे. चोरी झाली की पोलिसांची पहिली नजर विमुक्तांच्या वस्तीकडे वळण्याची सवयही कायद्याबरोबर गेली नाही. आघात पिढ्यान्‌पिढ्या चालतो म्हणतात, तेव्हा पुष्कळदा आघात करणारंच चालू राहिलेलं असतं.

आपल्याकडचे आकडे

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली बाल अत्याचारांचा पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून तो झाला. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मार खाल्ला होता. घरात मार खाणाऱ्यांपैकी 88 टक्क्यांहून अधिक मुलांना मारणारे आईवडीलच होते. निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार सांगितला, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. अत्याचार करणाऱ्यांत निम्मे तरी ओळखीचे, विश्वासातले होते. ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ एवढीच शिकवण किती अपुरी आहे, हे यावरून कळतं.

सोलापूरपुरता आणखी एक धोका ठळक आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालं होतं. सोलापूर जिल्ह्यात हे प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास होतं. पंधरा-सोळाव्या वर्षी शाळा सुटणं, परक्या घरात धाक, शरीराची तयारी नसताना संबंध आणि बाळंतपण, हे सगळं एकाच मुलीवर एकाच वर्षात येतं. लग्नाच्या मांडवात पाहुणे जेवत असतात, म्हणून त्याला कुणी आघात म्हणत नाही. आणि हिंसा पाहत वाढलेल्या मुलींचं पुढे काय होतं? याच सर्वेक्षणांत सातत्याने दिसतं की ज्यांच्या आईला बाप मारत होता, त्या स्त्रिया स्वतःही नवऱ्याचा मार अधिक प्रमाणात सोसतात.

एक माणूस

हवाई बेटांपैकी काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं अभ्यास केला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं व्यसन वा मानसिक आजार अशी अनेक ओझी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं समर्थ, प्रेमळ, कामसू माणसं झाली. त्यांच्यात काय समान होतं? बहुतेकांच्या आयुष्यात लहानपणापासून भरवशाचं निदान एक मोठं माणूस होतं. ते आईबापच असायला हवं होतं असं नाही. आजी, काका, शेजारी, शिक्षक, कुणीही चाललं.

आता ‘अक्करमाशी’ पुन्हा उघडली तर संतामाय दिसते. ही आजी, आणि तिच्या सोबत राहणारे महमूद दस्तगीर जमादार. ना रक्ताचे, ना जातीचे, ना धर्माचे, पण त्यांनी त्या मुलाला आपला मानून वाढवलं. ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये जिजी आहे, तिने मायेने किशोरला जपलं. दोघांचीही भूक, मार, अपमान यामुळे टळले नाहीत. पण आपण कुणाला तरी हवे आहोत, एवढी खात्री त्या मुलांना मिळाली. याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. घाबरलेल्या मुलाला भरवशाच्या माणसाने जवळ घेतलं की ताणाची यंत्रणा लवकर शांत होते, आणि असं वारंवार घडलं की मेंदू शांत होणं शिकतो.

जिथे घरचं माणूसच नसतं तिथे समाजाने ते उभं करावं लागतं, हेही या जिल्ह्याने फार पूर्वी ओळखलं. पंढरपुरात 1875 साली न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम सुरू झाला. प्रार्थना समाजाने तो चालवला, आणि तो नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला जातो. संस्थेत मूल जगतं. तिथेही त्याला आपलं म्हणणारं, न बदलणारं माणूस मिळालं तर ते फुलतं.

मग आपण काय करायचं? मूल काही सांगू लागलं तर आधी ऐकून घ्यायचं. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न गिळून टाकायचा. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ एवढं म्हणायचं, आणि खोदून खोदून तपशील काढायचे नाहीत. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं पॉक्सो कायद्याने 2012 पासून प्रत्येकावर बंधनकारक आहे. घराण्याच्या अब्रूसाठी ती दडपणं गुन्ह्यात मोडतं. संकटातल्या मुलासाठी 1098 हा क्रमांक चोवीस तास आहे. शाळेत छडी आणि मानसिक छळ दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे, हे पालकांनीही लक्षात ठेवायला हवं. कारण ‘पोराला चांगलं फोडा, सर’ असं सांगणारे पुष्कळदा पालकच असतात.

ज्यांचं बालपण मागे पडलं आहे त्यांच्यासाठीही वाट बंद नाही. आघातावर केंद्रित समुपदेशन, वागणुकीवरचे उपचार, गरज असेल तर औषधं, यांनी प्रौढ वयातही फरक पडतो. टेली मानसच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. वर्षानुवर्षं पोटदुखी, डोकेदुखी, झोप नाही म्हणून दवाखाने पालथे घालणारा रुग्ण समोर आला आणि सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या, की डॉक्टरांनी त्याला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ सांगून परत पाठवू नये. ‘लहानपणी घरी कसं होतं?’ हा प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, खर्च येत नाही. रुग्णाला ऐकायला कुणीतरी भेटलं, इथूनच अनेकदा उपचार सुरू होतो.

‘लहान आहे, विसरेल’ हे वाक्य बहुतेक वेळा मोठ्यांच्या सोयीसाठी असतं. मूल लहान आहे म्हणूनच त्याचा मेंदू जसं मिळेल तसं घडतो, आणि म्हणूनच त्याला वाचवायची संधीही तेव्हाच सगळ्यात मोठी असते. ती संधी प्रत्येक वस्तीत रोज कुणाच्या ना कुणाच्या हाती असते: शाळेतल्या बाईंच्या, आशाताईंच्या, शेजारच्या आजींच्या. ती घेणाऱ्याला पदवी लागत नाही. मुलाने हाक मारली तर थांबायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि उद्या पुन्हा त्याच्यासाठी हजर राहायचं, एवढं ज्याला जमतं त्याने एका माणसाची पुढची पन्नास वर्षं बदललेली असू शकतात.